हॉट स्टोन मसाज: दगड अंगाला लागायच्या आधी काय काय तपासायचं

ठाणे, घोडबंदर, वाशी, खारघर, कुठेही बघा, आता गल्लीतल्या पार्लरमध्येपण हॉट स्टोन मिळतो, आणि ऑनलाइन दगडांचा सेट मागवून घरीच आईच्या पाठीला नाहीतर नवऱ्याच्या खांद्याला लावणारेही खूप झालेत. पण चूक सगळीकडे तीच होते. दगड गरम करायचे, एक हातात घेऊन बघायचा, अंगावर ठेवायचा आणि म्हणायचं "गरम लागलं तर सांगा हं". इथेच गाडी चुकते. झोपलेल्या माणसाने सांगेपर्यंत उशीर झालेला असतो. कोणाचा डोळा लागलेला असतो, कोणाच्या पायाला शुगरमुळे जाणीवच कमी असते, कोणी पेनकिलर घेऊन आलेलं असतं, आणि आपल्या काकू-मावश्या तर चटका बसला तरी "असू दे गं, चालतंय" म्हणतात, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. त्यामुळे जी काही काळजी घ्यायची ती सगळी दगड अंगाला लागायच्या आधी घ्यायची, आणि ती क्रमाने घ्यायची.

एवढे आकडे डोक्यात ठेवा. ५० अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसाच्या त्वचेला साधारण ५ मिनिटांत भाजू शकतं, ५५ अंशाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास, आणि ६० अंशाला ५ सेकंद पुरे होतात. म्हणजे दहा अंशांत मिनिटांचं काम सेकंदांवर येतं, आणि नुसत्या हाताने ५२ की ५८ हे कोणालाच ओळखता येत नाही. म्हाताऱ्या माणसांची आणि लहान मुलांची त्वचा पातळ, त्यांना याहून लवकर भाजतं. लहान मुलांना हा मसाज करूच नका.

१. आधी माणूस तपासा, हीटर नंतर लावा

हा क्रम उलटा झाला की गडबड होते. दगड एकदा गरम झाले ना, की मग "आता एवढी तयारी केलीये तर करूनच टाकू" असं होतं आणि नाही म्हणायचं राहून जातं. म्हणून प्लग लावायच्या आधी पाच मिनिटं बसा आणि विचारा, आणि "काही त्रास नाही ना?" असं मोघम विचारू नका कारण त्याला सगळे "नाही" म्हणतात. एकेक नाव घेऊन विचारा.

डायबिटीस आहे का, आणि असेल तर पायाला मुंग्या, बधिरपणा, चप्पल कधी निसटली ते न कळणं, असं काही होतं का. असं असेल तर गुडघ्याखाली गरम दगड नाही म्हणजे नाही. अशा माणसाने "मला तर काहीच गरम वाटत नाहीये, अजून गरम दे" म्हटलं की आपण तापमान वाढवतो, खरं तर तिथेच थांबायला हवं, कारण गरम न वाटणं हेच बधिरपणाचं लक्षण असू शकतं. आणखी एक, जे पार्लरमध्ये सहसा कोणी विचारत नाही: इन्सुलिन घेता का आणि आज कुठे टोचलंय. टोचलेल्या जागी शेक आणि मसाज मिळाला तर इन्सुलिन रक्तात लवकर उतरतं आणि शुगर एकदम खाली येऊ शकते. मांडी, पोट, दंड, जिथे टोचलं असेल ती जागा सोडायची.

हार्टचा त्रास, कंट्रोलमध्ये नसलेलं बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असणं किंवा त्यात लसिका ग्रंथी (काख-जांघेतल्या गाठी) काढल्यामुळे हात-पाय सुजणं, नुकतंच ऑपरेशन, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. प्रेग्नन्सीत नकोच. ताप असेल तर त्या दिवशी नको. मुरगळलेला, मार लागून सुजलेला भाग पहिले दोन-तीन दिवस गरम करायचा नाही, सूज वाढते. ठसठशीत व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे पायावरच्या फुगलेल्या शिरा असतील तर त्यावरून दगड फिरवायचा नाही.

एकाच पायाची पोटरी सुजलीये, दुखतेय, हाताला गरम लागतेय, त्यात लांबचा प्रवास किंवा ऑपरेशन झालेलं असेल तर मसाजचा विषयच काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. शिरेत गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

मग त्वचा बघा, उजेडात. पावसाळ्यात आणि मेच्या घामात गजकर्ण, नायटा आपल्याकडे घरोघरी असतो, तो असेल तर मसाज पुढे ढकला, कारण तेल, टॉवेल आणि दगड तिन्हीवरून तो पसरतो. कापलेलं, सोललेलं, उन्हाने लाल झालेलं, त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी वॅक्सिंग केलेलं, अशा जागा सोडा.

थांबा: कंबर दुखते म्हणून सकाळी बाम किंवा पेनकिलर जेल चोळून आलेली मंडळी भरपूर असतात. मेंथॉल, मिरचीचा अर्क, विंटरग्रीन तेल असलेल्या बामवर गरम दगड ठेवला तर भाजण्याचा धोका खूप वाढतो, आणि मेंथॉलमुळे आधी गार वाटतं म्हणून कळतही नाही. त्या दिवशी त्या जागी दगड नाही. अंगावर औषधाचा पॅच चिकटवलेला असेल, दुखण्यावरचा फेंटानिलचा असो की निकोटिनचा, तर उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं. फेंटानिलच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. पॅच असेल तर गरम काहीही नको, आणि आपल्या मनाने पॅच काढायचाही नाही.

दारू, झोपेची गोळी, स्ट्राँग पेनकिलर घेतलेल्या माणसालाही दुसऱ्या दिवशी बोलवा.

२. दगड: कुठले घ्यायचे, कुठले नाही

या मसाजला बसाल्ट वापरतात, म्हणजे घट्ट, बारीक कणांचा काळा दगड जो उष्णता बराच वेळ धरून ठेवतो. हे कळलं की लगेच कोणीतरी म्हणतं, अहो आपला अख्खा सह्याद्री बसाल्टचा, पारसिकचा डोंगरपण बसाल्टचाच, मग विकत कशाला? दगड तोच असला तरी तो खाणीत फुटलेला असतो, त्याला धार असते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच बसाल्टमध्ये बारीक भोकं असतात. त्या भोकांत पाणी, तेल, घाण अडकते आणि तापवताना तडा जाऊ शकतो. गाढी नाहीतर उल्हासच्या पात्रातला गोटा गुळगुळीत दिसतो पण आत बारीक चीर आहे की नाही ते दिसत नाही, आणि येऊरचं जंगल नॅशनल पार्कमध्ये येतं, तिथून काही उचलून आणायचंच नसतं. नर्सरीत कुंडीत घालायला मिळतात ते चकचकीत गोटेही नकोत, त्यांना रंग किंवा पॉलिश असतं, गरम पाण्यात उतरतं.

मसाजसाठी म्हणून विकला जाणारा सेट घ्या. घरी आठ-दहा दगड बास झाले. आल्यावर प्रत्येक दगड ओला करून अंगठा सगळीकडून फिरवा, कुठे खरखर किंवा कड लागली तर तो बाजूला. मग दोन-दोन दगड हलके आपटून ऐका, टणक खणखणीत आवाज आला पाहिजे, फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर आत चीर असू शकते, तोही बाजूला.

जाड दगड जास्त वेळ गरम राहतो, पातळ लवकर गार होतो, त्यामुळे एकाच पाण्यातून काढलेले दोन दगड पाच मिनिटांनी सारखे नसतात. जाडीनुसार वेगळे लावून ठेवा.

३. गरम करणं (सगळ्यात जास्त चुका इथे)

एक गोष्ट विकत घ्यायचीच ती म्हणजे थर्मामीटर, किचनमध्ये वापरतात तो लांब सुईचा डिजिटल. ताप बघायचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, तो ४२-४३ च्या पुढे दाखवतच नाही, आणि कोविडच्या वेळी घेतलेली कपाळावर धरायची गन पण ताप मोजायच्या सेटिंगवर तेवढंच मोजते. नवा थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात धरून बघा, आपण समुद्राजवळच राहतो त्यामुळे १०० च्या आसपास दाखवायला हवा. दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर बदलून घ्या.

दगड पाण्यातच गरम करायचे. मायक्रोवेव्ह नाही, ओव्हन नाही, थेट गॅसवर तर अजिबात नाही. कोरड्या उष्णतेत बाहेरून किती आणि आतून किती तापलाय ते कळत नाही आणि ओलसर दगड फुटू शकतो. राइस कूकरचा "कीप वॉर्म" सोयीचा वाटतो म्हणून बरेच जण वापरतात, पण तो भात खराब होऊ नये म्हणून ६० च्या वरच ठेवतो, म्हणजे आपल्यासाठी तो पहिल्यापासूनच जास्त गरम. तापमान अंशात सेट करता येतं असा स्टोन हीटर असेल तर उत्तम. नसेल तर पसरट पातेलं आणि इंडक्शन, पण मग थर्मामीटरवर डोळा ठेवावा लागेल.

क्रम असा: पातेल्याच्या तळाला जुना नॅपकिन चार घडी करून घाला, कारण तळाला टेकलेला दगड पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि तुम्ही मोजता मात्र पाणी. त्यावर दगड एका थरात, एकमेकांवर रचायचे नाहीत. दगड बुडून वर दोन बोटं राहील एवढं साधं पाणी. मग मंद आचेवर चढवा. घाई म्हणून वरून उकळतं पाणी ओतलं की काही दगड तापतात, काही तसेच राहतात आणि सगळा अंदाज जातो. पाणी ५० ला पोचलं की आच अगदी कमी किंवा बंद करून अर्धा तास तिथेच धरून ठेवायचं, म्हणजे दगड आतपर्यंत सारखा होतो. पहिल्यांदा करत असाल तर ४८ वरच थांबा. अनुभवी थेरपिस्ट ५०-५२ ला काम करतात, पण त्यांचा हात सतत फिरत असतो. ५५ च्या वर गेलं तर दगड वापरायचा नाही, पाणी खाली येऊ द्यायचं आणि परत दहा मिनिटं थांबायचं.

चेक: पाणी ढवळा आणि तीन ठिकाणी मोजा, मध्ये, कडेला, तळाशी. तिन्ही आकडे साधारण सारखे आले तरच पुढे.

एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवून त्याच्या शेजारी पाण्याचा हीटर, हे चित्र पार्लरमध्येपण दिसतं. अर्थिंग असलेला भिंतीवरचा प्लग वापरा आणि ओल्या हाताने सेटिंगला हात लावू नका. मध्येच लाइट जाऊन आली तर काही हीटर आधीचं सेटिंग विसरतात, परत मोजल्याशिवाय दगड काढू नका.

४. खोली आणि बेड

यात फार काही नाही. एसी मध्यम, पंख्याचा झोत अंगावर नको. जाड टॉवेल चार-पाच, गार पाण्याचं भांडं हाताशी, चिमटा किंवा भोकांचा मोठा झारा, आणि उजेड एवढा हवा की त्वचेचा रंग दिसेल. मेणबत्तीच्या अंधारात मसाज छान वाटतो पण पाठ लाल झालेली दिसत नाही. पाण्याच्या शटडाऊनचा दिवस असेल तर दोन बादल्या भरून ठेवा, का ते शेवटी येतंच. जेवून दीड-दोन तास झालेले असावेत. अंगठ्या, चेन, कमरेची साखळी, पैंजण काढायला सांगा, धातू तापतो.

५. दगड अंगाला लावायचा क्रम

आधी नुसत्या हाताने तेल लावून पाच-दहा मिनिटं मसाज. हे वगळू नका. त्यात तुम्हाला त्वचा कळते, कुठे गाठ आहे, कुठे हात लावला की माणूस आखडतो ते कळतं, आणि अंग उष्णतेला तयार होतं.

मग दगड झाऱ्याने काढा, टॉवेलवर पुसा. पुसणं महत्त्वाचं आहे, गरम पाण्याचा थेंब आधी चटका देतो. आता स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा कोपराच्या आत दहा सेकंद धरा. तळहाताला धरून बघू नका, रोज काम करणाऱ्याचा तळहात उष्णतेला सरावलेला असतो आणि तो "ठीक आहे" म्हणतो. दहा सेकंद आरामात धरवला तरच तो दगड पुढे जाईल. आणि हे प्रत्येक दगडाचं, दर वेळी, पहिला बरा होता म्हणून तिसरा पण बरा असेल असं धरून चालायचं नाही.

तेल थोडं दगडाला लावा, "आता दगड लावतेय" असं सांगा, आणि दगड टेकल्या क्षणापासून हलवत ठेवा. लांब, सावकाश हात, पायावर पोटरीकडून वर मांडीकडे, पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावरून. दगड गरम असताना जोर कमी, तो कोमट झाला की जोर थोडा वाढवायचा. उलटं केलं, म्हणजे गरम दगड दाबून धरला, तर चटक्याची शक्यता तिथेच सगळ्यात जास्त.

कुठे न्यायचाच नाही: मणक्याचं हाड, नडगी, घोटा, खांद्याच्या हाडाचं टोक, मानेची पुढची बाजू, काख, जांघ, गुडघ्याच्या मागची खळगी, चेहरा. हाडावर मांस कमी म्हणून चटका लवकर, आणि खळग्यांमध्ये शिरा-नसा अगदी वर असतात.

विचारताना "ठीक आहे ना?" असं विचारू नका. "कोमट, गरम की जास्त गरम?" असे तीन पर्याय द्या. या प्रश्नाला "चालतंय" हे उत्तर बसत नाही, त्यामुळे माणसाला खरं सांगावं लागतं. "जास्त" म्हटलं की दगड लगेच उचला. उत्तर आलंच नाही, घोरणं ऐकू आलं, तर यापुढे दगड फक्त फिरवायचा, ठेवायचा नाही.

चेक: दर दोन-तीन मिनिटांनी टॉवेल बाजूला करून त्वचा बघा. एकसारखी हलकी लाली येऊन काही मिनिटांत उतरली तर बरोबर. जाळीसारखे ठिपके, डाग, फुगवटा, किंवा बोटाने दाबून सोडल्यावरही तशीच गडद राहणारी जागा दिसली तर थांबा आणि गार करा. आपल्या सावळ्या रंगात लाली पटकन दिसत नाही, त्यामुळे हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघा, आजूबाजूपेक्षा ती जागा फणफणलेली लागते का.

६. दगड ठेवायचा असेल तर

फिरणारा दगड आणि ठेवलेला दगड यात खूप फरक आहे. गॅस बंद केल्यावरही तवा भाकरी भाजत राहतो तसं ठेवलेल्या दगडाचं असतं, तुम्ही काहीच करत नसता तरी खाली काम चालू असतं. म्हणून ठेवायच्या दगडाचं तापमान ४५ च्या आत, त्याखाली टॉवेलच्या दोन घड्या, आणि एका जागी दोन-तीन मिनिटांच्या वर नाही. उघड्या त्वचेवर, त्यातून तेल लावलेल्या, दगड ठेवून द्यायचा नाही. दगडावरून वर टॉवेल किंवा चादर टाकली की उष्णता कोंडते, मग तो वेळ अजून कमी करा.

थांबा: दगडांची रांग लावून त्यावर पाठ टेकून झोपवतात ते घरी करूच नका, आणि पार्लरमध्ये कोणी सांगितलं तरी मी नको म्हणेन. अंगाचं वजन त्या जागेवर येतं, दाबामुळे तिथलं रक्त कमी फिरतं म्हणून उष्णता वाहून जात नाही, आणि खाली काय होतंय ते कोणालाच दिसत नाही. पायाच्या बोटांमध्ये दगड खोचतात तेही, शुगर असलेल्यांना आणि वयस्कर माणसांना बिलकूल नको.

दगड ठेवून फोन घ्यायला किंवा बेल वाजली म्हणून दाराकडे जायचं असेल तर आधी सगळे दगड काढा, मग जा.

७. संपवताना आणि नंतर

घरी अर्धा-पाऊण तास भरपूर झाला. शेवटची पाच मिनिटं परत नुसत्या हाताने. मग लगेच उठवू नका, कुशीवर वळवा, दोन मिनिटं बसवा, मग उभं करा. उष्णतेने रक्तवाहिन्या सैल होतात, बीपी उतरतं आणि एकदम उठलं की चक्कर येते, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना जास्तच. पाणी प्यायला द्या. लगेच गरम पाण्याची अंघोळ नको, आणि अंग सैल पडलेलं असताना पाम बीच रोडवर गाडी चालवत निघायची घाईही नको.

दगड तेलकट असतानाच साबण आणि गरम पाण्याने घासून धुवा, मग जंतुनाशक लावून परत धुवा, आणि पूर्ण कोरडे करून ठेवा. पाणी दर माणसाला नवीन. पावसाळ्यात ओले दगड डब्यात बंद केले की कुबट वास येतो, तो तेलाचा खवटपणा असतो, तसे दगड तसेच परत तापवू नका.

तुम्ही स्वतः पार्लरला जाणार असाल तर बेडवर झोपायच्या आधी दोन प्रश्न विचारा: पाणी किती अंशाला आहे, आणि आधी माझी माहिती घेणार का. पहिल्याचं उत्तर आकड्यात आलं नाही, "मॅडम आम्ही रोज करतो" असं आलं, तर साधा मसाज घ्या.

भाजलंच तर

दगड बाजूला, आणि लगेच नळाखाली. साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं, घड्याळ लावून, दोन मिनिटांत बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही. पाठ असेल तर बाथरूममध्ये शॉवर किंवा मगाने सतत पाणी, त्यासाठीच त्या बादल्या. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद, तूप, कॉफी, शाई काही नाही. त्याने जखम गार होत नाही आणि डॉक्टरांना आधी ते सगळं खरवडून काढावं लागतं. फोड आला तर फोडू नका, स्वच्छ सुती कापड सैल टाका.

फोड तळहातापेक्षा मोठा असेल, चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा नाजूक जागी असेल, जागा पांढरी किंवा काळपट दिसत असेल, भाजूनही दुखतच नसेल, किंवा माणूस डायबिटीसचा असेल, तर घरी बघत बसू नका. ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर हे खास भाजलेल्यांसाठीचं हॉस्पिटल आहे, नवी मुंबई आणि ठाणे दोन्हीकडून जवळ, नाहीतर जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८ ला फोन. जाताना दगड किती गरम होता, किती वेळ होता आणि माणूस कुठली औषधं घेतो, हे तिन्ही कागदावर लिहून न्या, तिथे पहिले हेच विचारतात.